सुरक्षा स्कॅनरचा अँटेना: इथे जास्त गेन कामाचा नाही, नजर रुंद हवी

तरंगिणी_प

गेले चार महिने एकाच गोष्टीत बुडाले आहे. ती मराठीत कुणाला तरी सांगितल्याशिवाय चैन पडणार नाही, म्हणून हा धागा काढतेय.

विमानतळावर काचेच्या गोल केबिनमध्ये हात वर करून उभं राहिलं की दोन उभे खांब आपल्याभोवती सर्रकन फिरतात. तो मिलिमीटर लहरींचा स्कॅनर. मूळ काम अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या रिचलंडच्या पॅसिफिक नॉर्थवेस्ट राष्ट्रीय प्रयोगशाळेत झालं. डेव्हिड शीन, डग्लस मॅकमेकिन आणि थॉमस हॉल यांचा २००१ सालचा शोधनिबंध अजूनही या विषयाची बाराखडी आहे. त्या कामातून बाजारात आलेलं यंत्र २४ ते ३० गिगाहर्ट्झमध्ये चालतं, म्हणजे लहरीची लांबी साडेबारा ते दहा मिमी. ही लहर कापडातून आरपार जाते, कातडीत जेमतेम मिलिमीटरभर शिरते आणि बरीचशी परत फिरते. क्ष-किरण यात नाहीत.

आम्ही त्याचीच एक छोटी आवृत्ती टेबलावर उभी केलीय. ५० सेमीची सरकपट्टी, तिच्यावर एक पाठवणारा आणि एक घेणारा अँटेना, मागे नेटवर्क ॲनालायझर, म्हणजे सिग्नल पाठवून परतलेला मोजणारं यंत्र. अँटेना सरकवत जागोजागी मोजायचं आणि सगळी मोजमापं जोडून प्रतिमा काढायची. समोर ४० सेमीवर कापडदुकानातला पुतळा, अंगाला ॲल्युमिनियम फॉइल गुंडाळलेला. छातीवर फोमचा तुकडा ठेवून त्यावर तांब्याच्या दोन पट्ट्या चिकटवल्या, मध्ये अंतर १० मिमी. त्या दोन वेगळ्या दिसल्या की पहिला टप्पा पार.

अँटेना मी निवडला होता. आधीची सहा वर्षं टॉवर-टू-टॉवर लिंकवर गेलेली, त्यामुळे हात आपोआप चांगल्या गेनकडे, म्हणजे सगळी ताकद एकाच दिशेत एकवटणाऱ्या अँटेनाकडे गेला. २० डीबीचे (डेसिबल, गेनचं माप) दोन हॉर्न, म्हणजे नरसाळ्यासारखे अँटेना मागवले. सुरेख माल, आतून आरशासारखा गुळगुळीत. आणि प्रतिमेत दोन पट्ट्यांच्या जागी एकच डाग. तीन आठवडे आम्ही सॉफ्टवेअर तपासलं. सरकपट्टीची पावलं तपासली, केबल बदलल्या, रात्री एसी बंद करून मोजून पाहिलं. डाग तसाच.

एका संध्याकाळी कंटाळून हॉर्न काढले आणि कपाटात पडलेले वेव्हगाइडचे दोन उघडे तुकडे लावले. नुसती चौकोनी नळी, तोंड उघडं. गेन साडेसहा डीबीच्या आसपास. बाकी काहीही बदललं नाही, आणि पडद्यावर दोन पट्ट्या वेगळ्या उभ्या राहिल्या. मी खुर्चीतून उठून पुतळ्याजवळ जाऊन पट्ट्या बोटाने चाचपून आले. का गेले ते अजून सांगता येत नाही.

मग वही काढली. हॉर्नचा बीम, म्हणजे त्याच्या नजरेचा कोन, साधारण १८ अंशांचा. ४० सेमीवर त्याचा उजेड १२-१३ सेमी रुंद पडतो. म्हणजे पुतळ्यावरचा एखादा बिंदू ५० सेमीच्या पट्टीवरच्या फक्त १२-१३ सेमी प्रवासात हॉर्नला दिसतो. उरलेल्या प्रवासात हॉर्न त्याच्या शेजारून बघत जातो. देवळात प्रदक्षिणा घालायची आणि दर पावलाला समोरचीच भिंत बघायची, तसं झालं हे. मूर्ती सगळीकडून दिसली तरच ती गोल आहे की सपाट ते कळतं.

सूत्र असं: आडवं रेझोल्यूशन (शेजारच्या दोन वस्तू किती अंतरावर वेगळ्या दिसतात ते) म्हणजे तरंगलांबीला 'चार गुणिले अर्ध्या कोनाचा साइन' याने भागायचं. कोन म्हणजे अँटेनाचा बीम किंवा पट्टीने बिंदूपाशी केलेला कोन, जो लहान असेल तो. २७ गिगाहर्ट्झला तरंगलांबी ११.१ मिमी. १८ अंशांना उत्तर येतं जवळपास १८ मिमी, ६० अंशांना साडेपाच मिमी. आमच्या पट्ट्यांमधलं अंतर १० मिमी होतं, म्हणजे हॉर्नला त्या दिसणं शक्यच नव्हतं.

गेन गेला त्याचं काय? जाता-येता मिळून २७ डीबी गेले, खरं आहे. पण इथे अंतर हातभर आहे, किलोमीटरभर नाही. शिवाय दर ५ मिमीला एक अशा शंभर जागांवरचे सिग्नल फेज (लहरीच्या चढउताराची स्थिती) जुळवून बेरीज केले की २० डीबी परत मिळतात. गेन अँटेनाकडून न घेता बेरजेकडून घ्यायचा.

या कामात अँटेनाकडून मागायच्या गोष्टीच निराळ्या आहेत असं माझं आता ठाम मत झालंय. तो लहान हवा, रुंद बघणारा हवा, शेजाऱ्याला त्रास न देणारा हवा, आणि त्याचा फेजचा मध्यबिंदू, म्हणजे लहर जिथून निघाल्यासारखी वाटते तो बिंदू, जागचा हलता कामा नये. शेवटच्या मुद्द्यावर सगळ्यात जास्त घाम गाळावा लागतो. इथे कुणी या क्षेत्रातलं असेल तर जरूर लिहा.

---

एमटेकवाला

ताई, धागा अगदी वेळेवर आला. माझा प्रोजेक्ट यावरच आहे. गाइड म्हणतात पॅच अँटेना कर, सोपा आहे. सीनियर म्हणतो विवाल्डी कर. २४ ते ३० साठी काय घ्यावं?

---

तरंगिणी_प

आधी बँडविड्थ बघ. ३० वजा २४ म्हणजे ६ गिगाहर्ट्झ, मध्य २७, म्हणजे २२ टक्के. पातळ सब्स्ट्रेटवरचा (बोर्डाच्या थरावरचा) साधा पॅच, म्हणजे तांब्याचा चौकोनी तुकडा, तीन ते पाच टक्क्यांवर दम टाकतो. ही बँडविड्थ चैनीची नाही, खोलीचं रेझोल्यूशन तिच्यावरच ठरतं: प्रकाशाचा वेग भागिले दुप्पट बँडविड्थ. ६ गिगाहर्ट्झला २५ मिमी. साध्या पॅचने एकच गिगाहर्ट्झ वापरलास तर १५० मिमी, म्हणजे पोट आणि छाती एकाच पातळीत. पॅचच करायचा तर एकावर एक रचलेले दोन पॅच कर, किंवा खालून खाचेतून फीड (सिग्नल) दे. त्याने २० टक्क्यांच्या वर जाता येतं.

विवाल्डी, म्हणजे कर्ण्यासारखी उघडत जाणारी खाच, बँडविड्थला उदार. बोर्ड पातळ असतो, त्यामुळे वहीच्या पानांसारखे शेजारी शेजारी लावता येतात. पण तुझ्या सीनियरला एक विचार: फेज सेंटर, म्हणजे वर म्हटलेला फेजचा मध्यबिंदू, कुठे आहे? विवाल्डीत वरच्या फ्रिक्वेन्सीला लहर खाचेच्या अरुंद भागातून सुटते, खालच्या फ्रिक्वेन्सीला रुंद तोंडाजवळून. म्हणजे फ्रिक्वेन्सी बदलली की अँटेनाचा 'डोळा' पुढे-मागे सरकतो. पाठवणारा आणि घेणारा दोन्ही १ मिमी सरकले तर वाटेत २ मिमीचा फरक पडतो, आणि ११.१ मिमीच्या लहरीला २ मिमी म्हणजे ६५ अंश फेज. समोरच्या दिशेला हे कॅलिब्रेशनमध्ये काढून टाकता येतं. पण सरकणं बघण्याच्या कोनानुसार बदलत असेल तर एका आकड्याने भागत नाही, आणि प्रतिमेच्या कडा फाटतात. म्हणून विवाल्डी घे, पण आखूड घे. सिम्युलेशनमध्ये नुसता रिटर्न लॉस (अँटेनाने उलटा परतवलेला सिग्नल) उणे दहा डीबीच्या खाली दिसला की खूश होऊन थांबू नकोस. फेज सेंटर दर गिगाहर्ट्झला काढ, आणि शून्य, १५ व ३० अंशांना वेगवेगळं काढ.

---

तांब्याचा मुलामा

मी पीसीबीच्या, म्हणजे छापील सर्किट बोर्डांच्या बाजूचा माणूस. डिझाइनवाले आमच्याकडे फाइल पाठवतात आणि मग 'सिम्युलेशनला बसत नाही' म्हणून फोन करतात, म्हणून लिहितो.

पहिली गोष्ट, एफआर-फोर, म्हणजे नेहमीचा स्वस्त बोर्ड विसरा. या फ्रिक्वेन्सीला तो सिग्नल खातो, आणि विणलेल्या काचकापडामुळे एकाच बोर्डवर दोन ठिकाणी डायइलेक्ट्रिक (लहरीचा वेग ठरवणारा गुणधर्म) वेगळा मिळतो. दुसरी गोष्ट तांब्याची. ३० गिगाहर्ट्झला प्रवाह तांब्याच्या वरच्या ०.३८ मायक्रॉनमध्येच धावतो. नेहमीच्या तांब्याचा खडबडीतपणा त्याच्या काही पट असतो. म्हणजे प्रवाहाला सपाट रस्ता नाही, घाट चढत उतरत जावं लागतं. ऑर्डर देताना गुळगुळीत तांबं स्पष्ट लिहून मागा.

तिसरी गोष्ट कुणी सांगत नाही. बोर्ड सोनेरी दिसावा म्हणून आपण डोळे झाकून निकेल-सोन्याचा मुलामा निवडतो. सोनं असतं नावाला, त्याच्या खाली काही मायक्रॉन निकेल. पट्टीच्या कडांवरून धावणारा प्रवाह त्या निकेलमध्ये अडकतो आणि लॉस वाढतो. अँटेना आणि फीड लाइनवर निकेल नको. इमर्शन सिल्व्हर, म्हणजे चांदीचा पातळ मुलामा घ्या, बोर्ड हवाबंद पिशवीत ठेवा.

आणि ७७ गिगाहर्ट्झचं करायचं असेल तर एचिंगची (ॲसिडने तांबं कोरण्याची) चूक आधी हिशोबात धरा. डायइलेक्ट्रिक ३ असलेल्या बोर्डवर पॅचची लांबी सुमारे १.१ मिमी येते. एचिंग २५ मायक्रॉन इकडेतिकडे झालं की सव्वादोन टक्के, म्हणजे मध्य फ्रिक्वेन्सी पावणेदोन गिगाहर्ट्झने सरकली. यात कुणाची हयगय नसते, ॲसिडचा स्वभावच तो. एका पॅनेलवर एकच डिझाइन छापू नका. मूळ, २० मायक्रॉन मोठं आणि २० मायक्रॉन लहान असे तिन्ही छापा आणि मोजून निवडा.

---

तरंगिणी_प

निकेलबद्दल दंडवत! आमचा पहिला बोर्ड सोनेरीच होता. लॉस अंदाजापेक्षा जास्त येत होता आणि मी कनेक्टरला दोष देत बसले होते. फॅब्रिकेटरला विचारलं तेव्हा उत्तर मिळालं की सगळे असंच घेतात. पुढची बॅच चांदीची.

---

मुक्ता७

विषय माझा नाही, पण प्रश्न आहे. मागच्या वर्षी आईला घेऊन परदेशी गेले होते. येताना आईने पैठणी नेसली होती. स्कॅनरच्या पडद्यावर बाहुलीसारख्या आकृतीवर पोटापाशी, खांद्यापाशी, मांडीपाशी पिवळे चौकोन. वीस मिनिटं तिला बाजूला उभं केलं, निऱ्या चाचपल्या. ती काही बोलली नाही, पण विमानात बसल्यावर बराच वेळ खिडकीबाहेर बघत होती. साडीत त्या यंत्राला असं काय दिसतं? आणि अँटेना सुधारला तर हे थांबेल का?

---

तरंगिणी_प

मुक्ताताई, वाचून वाईट वाटलं. प्रश्न अगदी मुद्द्याचा आहे, म्हणून नीट लिहिते.

यंत्राला मुख्यतः तीन गोष्टी दिसल्या असणार. एक, जर. खरी जर म्हणजे धाग्यावर गुंडाळलेली धातूची तार. हल्लीच्या जरीत प्लॅस्टिकवर ॲल्युमिनियमचा मुलामा असतो. तो मायक्रॉनच्याही अंशाइतका पातळ असला तरी या लहरींना आरसाच. पैठणीचा भरगच्च पदर म्हणजे खांद्यावर ठेवलेला धातूचा पत्रा. दोन, निऱ्या. एक पदर रेशीम लहरीला जाणवतही नाही, पण सात-आठ निऱ्या म्हणजे दुप्पट पदर, मध्ये हवा. प्रत्येक पदरावरून थोडं थोडं परतलेलं मिळून एक जाड वस्तू असल्यासारखं दिसतं. घामाने कापड ओलसर असेल तर आणखी, कारण पाणी या लहरींना फार परतवतं. तीन, पिना.

साडीवरची ही जर आहे, पिस्तूल नाही, हे ओळखणं सॉफ्टवेअरचं काम, आणि ते सॉफ्टवेअर कुणाच्या कपड्यांवर शिकलंय यावर बरंच अवलंबून आहे. पण अँटेनाचाही वाटा आहे. आकृती ठळक आली तर जरीचे काठ काठासारखे दिसतात. धूसर आली तर काठ, निऱ्या, पिना सगळं मिळून एक गोळा होतो, आणि गोळा दिसला की यंत्र चौकोन काढतं. तुमच्या आईला वीस मिनिटं उभं राहावं लागलं त्यातली काही मिनिटं तरी आमच्यासारख्यांच्या हातात आहेत.

---

इसारकाठचा

म्युनिकमधून लिहितोय. इकडचे स्कॅनर वेगळे आहेत: सपाट पॅनेल, काहीही फिरत नाही, हात वर नाहीत, थोडेसे बाजूला धरून उभं राहायचं. रोडे अँड श्वार्झ ही इथलीच कंपनी. त्यांचा बँड ७० ते ८० गिगाहर्ट्झचा. मग २४-३० का आणि ७०-८० का?

---

तरंगिणी_प

७७ गिगाहर्ट्झला लहर ३.९ मिमीची, म्हणून त्याच कोनात प्रतिमा तिपटीने बारीक. १० गिगाहर्ट्झ बँडविड्थ घेतली तर खोलीही १५ मिमीवर येते. पण जाड लोकर, चामडं, ओलं कापड तिथे जास्त आड येतं. आणि तेच १ मिमीचं फेज सेंटर सरकणं तिथे ६५ नाही, १८५ अंश होतं, म्हणजे चिन्हच उलटं. शिवाय सगळ्यात मोठी अडचण संख्येची. तिथे काहीच फिरत नाही, म्हणजे प्रत्येक जागी अँटेना हवा. ५० सेमीच्या चौरसात दर २ मिमीला एक लावायचा तर ६२,५०० होतात.

---

खोडदची वाट

हा संख्येचा प्रश्न वाचून राहवेना. माझं अर्धं आयुष्य रेडिओ दुर्बिणीच्या परिसरात गेलं. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी आहे, ४५ मीटर व्यासाच्या तीस डिश. चौदा मध्ये दाटीने, बाकीच्या सोळा तीन हातांवर पसरलेल्या, एकूण विस्तार २५ किमी. २५ किमीची ताटली कोण बांधणार? म्हणून तीस ठिकाणी कान ठेवले आणि जोड्या लावल्या. तीसमधून ४३५ जोड्या होतात, आणि चित्र जोड्यांमधून निघतं.

स्कॅनरवाल्यांनी हाच विचार हातभर जागेत आणला. २०११ साली शरीफ अहमद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ७२ ते ८० गिगाहर्ट्झचं ५० सेमी चौरस पॅनेल मांडलं. त्यात पाठवणारे ७३६ आणि घेणारे ७३६. प्रत्येक पाठवणाऱ्याची प्रत्येक घेणाऱ्याशी जोडी लावली तर ५,४१,६९६. बासष्ट हजारांच्या जागी दीड हजारांत काम झालं. आमच्याकडे आकाश बोलतं आणि आम्ही ऐकतो, तिथे पॅनेल स्वतःच बोलतं आणि ऐकतं, एवढा फरक. पण विरळ ॲरेचं (दूर दूर मांडलेल्या अँटेनांच्या जाळ्याचं) दुखणं दोन्हीकडे सारखं: जागा चुकीच्या निवडल्या तर नसलेल्या ठिकाणी खोटी प्रतिमा उमटते. पाठवणारे एका पद्धतीने आणि घेणारे दुसऱ्या पद्धतीने मांडायचे, म्हणजे एकाच्या खोट्या प्रतिमा दुसऱ्याच्या आंधळ्या जागांवर पडून विझतात.

एक आठवण राहवत नाही म्हणून. मिलिमीटर लहरी आपल्याला परक्या नाहीत. जगदीशचंद्र बोसांनी १८९० च्या दशकात कोलकात्यात ६० गिगाहर्ट्झपर्यंत प्रयोग केले, हॉर्न अँटेना तेव्हा वापरला.

---

तरंगिणी_प

काका, हे वाचून हुरूप आला. जोड्यांची युक्ती आम्ही लहान प्रमाणात वापरतोय. दर ५ मिमीला नमुना हवा, पण आमच्या वेव्हगाइडची आतली रुंदीच ८.६४ मिमी, भिंती धरून १० च्या वर. दाटीने बसणारच नाहीत. म्हणून आखूड विवाल्डीच्या दोन ओळी केल्या. पाठवणारे ०, १०, २० मिमीवर. घेणारे ५, १५, २५ वर. प्रत्येक पाठवणारा डाव्या आणि उजव्या घेणाऱ्याशी जोडला की जोडीचा मध्य येतो २.५, ७.५, १२.५ वर. अँटेना १० मिमीवर, नमुने ५ मिमीवर.

यातली किंमत म्हणजे शेजार. पाठवणाऱ्यातून शेजारच्या घेणाऱ्यात थेट गळणारा सिग्नल अंगावरून परतलेल्यापेक्षा कितीतरी मोठा असतो. समोर काही नसताना एकदा मोजून तो वजा करता येतो, पण रिसीव्हरची ताकद तो आधीच खाऊन बसतो. दोन ओळींमध्ये धातूची बारीक भिंत घातली तेव्हा गळती कमी झाली.

दुसरं एक भूत सापडलं तेही सांगते. प्रतिमेत पुतळ्याच्या ११ सेमी मागे पुतळ्याचीच फिकट सावली. आमची फीड लाइन ८ सेमीची. अँटेना आणि स्विच दोघंही थोडं थोडं परतवत होते, त्यामुळे सिग्नल लाइनमध्ये एक जास्तीची फेरी मारून यायचा. जाऊन-येऊन १६ सेमी, लाइनमधला वेग हवेच्या ०.७ पट, म्हणजे २३ सेमी, आणि त्याचं निम्मं ११.४. मोजपट्टी लावली आणि उत्तर जुळलं. फीड लाइन शक्य तितकी आखूड ठेवा. १ सेमीचं भूत कातडीतच मिसळून जातं.

---

एमटेकवाला

ताई, पोलरायझेशन कुठलं घेताय? गाइड म्हणतात उभं घे, विषय संपला.

---

तरंगिणी_प

परवापर्यंत मीही तसंच म्हटलं असतं. मुक्ताताईंचा प्रश्न डोक्यात होता, म्हणून घरून आईची जुनी सुती साडी नेली. तिच्या तीन घड्या पुतळ्याच्या खांद्यावर टाकल्या आणि आत ३ सेमीची सेफ्टी पिन लावली, उभी. अँटेना उभ्या पोलरायझेशनचे, म्हणजे लहरीचं विद्युतक्षेत्र उभं. पिन लखलखीत दिसली, टोकापासून डोक्यापर्यंत. मग तीच पिन त्याच जागी आडवी लावली. पहिल्यांदा पडद्यावर काही नाही. पडद्यावरचा उजळपणा वाढवून बघितलं तर पिनेच्या डोक्याचा एक ठिपका, तारेचा पत्ता नाही.

कारण साधं. तार १ मिमी जाड, लहर ११ मिमीची. विद्युतक्षेत्र तारेच्या दिशेत असेल तर तारेत प्रवाह धावतो आणि ती बोलते; तारेला काटकोनात असेल तर धावायला वाव एक मिमीचाच. पिनेचं एक वेळ राहू दे, पण बारीक वायर आडवी असली की सुटणार, ही सुरक्षेच्या यंत्रात चालणारी गोष्ट नाही. यावर एक उपाय वर्तुळाकार पोलरायझेशनचा, त्यात विद्युतक्षेत्र गोल फिरतं; रिचलंडच्या गटाने त्याचाही अभ्यास केला. त्याचा आणखी एक फायदा: एकदा परतलेल्या लहरीचं फिरणं उलटतं, दोनदा परतलेल्याचं पुन्हा मूळचं होतं. अंग बहुतेक एकदाच परतवतं, कोपरे आणि कडा असलेल्या वस्तू दोनदा. म्हणजे वस्तू आणि अंग वेगळं करायला एक जास्तीचा हात मिळतो.

काल वेव्हगाइडचे तुकडे ९० अंशांत फिरवून तेच मोजमाप पुन्हा घेतलं. आडवी पिन आली, उभी गेली. दोन्ही पोलरायझेशनच्या प्रतिमांची बेरीज केली तेव्हा साडीच्या तीन घड्यांखाली पिन उभी असो वा आडवी, दिसली, आणि सुती कापडाचा मागमूस नाही. पुढचा बोर्ड दोन्ही पोलरायझेशनचा. मुक्ताताई, जरीचा काठ असलेला एखादा जुना तुकडा पाठवू शकाल का? दोन्ही दिशांनी मोजायचा आहे.

---

मुक्ता७

आईला विचारलं. तिच्या लग्नातल्या शालूचा पदर विरलाय, काठ शाबूत आहे. कापून देते म्हणाली. पत्ता व्यक्तिगत निरोपातून कळवा.